उगीच

माणूस घराबाहेर पडला की त्याला दोन प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याकडे घटनेनं नसला तरी परंपरेनं प्रत्येकाला दिलेला आहे. पहिला, "कुठं निघालात?" आणि दुसरा, "काय काम काढलंत?" पहिल्या प्रश्नातून गावाचं नाव सांगून सुटता येतं. दुसऱ्याला मात्र कारण द्यावं लागतं, आणि तेही विचारणाऱ्याला पटेल असं.

मोटारीतून जाणाऱ्याला हे प्रश्न कुणी विचारत नाही, कारण तोंड उघडेपर्यंत तो पुढच्या गावात पोचलेला असतो. मोटारसायकलवाला ऐकू न आल्याचं सोंग करू शकतो. पायी जाणाऱ्याला, डॉक्टरांनी चालायला सांगितलं असेल बिचाऱ्याला, असं समजून लोक माफ करतात. नेमका सापडतो तो सायकलवाला. त्याचा वेगच असा की प्रश्न पुरता ऐकू येतो आणि उत्तर न देता निसटता येत नाही.

हे मी अनुभवानं सांगतो. मी पांढरकवड्याचा. जन्मभर शाळेत मास्तरकी केली. ती संपली, पण सायकल संपली नाही. रविवारी सकाळी चहा घेऊन मी सायकल बाहेर काढतो आणि दोन-तीन तास कुठंतरी जाऊन येतो. यातला 'कुठंतरी' हा शब्द आमच्या सौभाग्यवतींना गेली चाळीस वर्षं मान्य नाही. "कुठंतरी म्हणजे नक्की कुठं?" असं त्या विचारतात. माणूस परत आला नाही तर शोधायला कुठं पाठवायचं, एवढाच त्यांचा व्यावहारिक मुद्दा असतो. पण मला त्यात उपनिषदातल्या प्रश्नासारखं काहीतरी ऐकू येतं आणि मी गप्प बसतो.

खरं म्हणजे 'नक्की कुठं' या प्रश्नाला आमचा तालुकाच नीट उत्तर देत नाही. तालुक्याचं नाव केळापूर, पण तहसील कचेरी पांढरकवड्याला. केळापूर तालुक्याच्या ठिकाणी जायचं म्हणून निघालेला मनुष्य पांढरकवड्यात उतरतो, आणि खुद्द केळापूरला जावं तर तिथं तालुका नसतो, जगदंबा असते. जिथं पोचायचं ते ठिकाण आणि त्याचं नाव यांची ज्या तालुक्यात फारकत झालेली आहे, तिथल्या माणसानं निरुद्देश फिरावं यात नवल ते काय?

माझी सायकल ॲटलासची, काळी, बावीस इंची. तिचा उतारावर लागणारा ब्रेक आणि चढावर लागणारा दम हे दोन्ही माझेच असतात. ही कंपनी १९५१ साली सोनीपतला सुरू झाली आणि तिचा शेवटचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला. ही बातमी माझ्या सायकलीला कुणी कळवलेली नसल्यामुळे ती अजून चालते आहे. यातली गंमत अशी की ३ जून हा जागतिक सायकल दिन. संयुक्त राष्ट्रसंघानं तो २०१८ साली जाहीर केला. आणि त्याच्या बरोबर दोनशे वर्षं आधी, ३ जून १८१८ रोजी, दुसरा बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला.

बाजीरावाचा इथं काय संबंध, असं तुम्ही विचाराल. संबंध आहे. नोव्हेंबर १८१७ मध्ये पुण्याहून निघालेला हा पेशवा पळत पळत आमच्याकडे आला होता. १८१८ च्या एप्रिलमध्ये पांढरकवड्याच्या परिसरात, शिवणीजवळ, कर्नल ॲडम्सनं त्याची फौज गाठली आणि मोडली. म्हणजे आमच्या मुलखात घाईघाईनं आलेल्या सर्वांत मोठ्या माणसाची गत ही अशी झाली. तेव्हापासून इथं सावकाश यावं, असं निदान मी तरी समजतो.

तर सांगत होतो कारणाबद्दल. सुरुवातीची कित्येक वर्षं मी एक सोपी युक्ती केली. "कुठं चालले मास्तर?" असं कुणी विचारलं की म्हणायचं, "जगदंबेला." केळापूरची जगदंबा आमच्या पंचक्रोशीची देवी. नवरात्रात तिथं विदर्भातली तशीच पलीकडच्या तेलंगणातली माणसं लोटतात. "जगदंबेला" म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप गळून पडायचा. उलट विचारणाराच दोन्ही हात जोडून, "आमचाबी नमस्कार सांगजा जी," म्हणायचा. असे किती नमस्कार माझ्याकडे साचले याचा हिशेब नाही. कारण दर रविवारी मी केळापूरला जात होतोच असं नाही. कधी खुनी नदीच्या काठी जाऊन बसायचो. नाव खुनी असलं तरी उन्हाळ्यात ही नदी इतकी रोडावते की तिच्यावर साधा मारामारीचा आळसुद्धा घेववत नाही. कधी सायखेडा धरणाच्या भिंतीवरून पाणी बघायचो. कधी टिपेश्वरच्या बाजूला सुन्न्याच्या रस्त्यानं सागाच्या सावलीतून थोडं पुढं जाऊन परत फिरायचो. आणि या सगळ्याच्या जमाखर्चात मी बिनदिक्कत जगदंबेचं नाव लिहीत होतो.

एकदा मनात आलं की हे बरोबर नाही. देवीच्या नावावर खोटं बोलणं हे पाप खरंच; पण मला बोचत होतं ते निराळंच. केवळ आनंदासाठी दोन तास घालवले, हे सांगायची मला लाज का वाटावी? चोरी केली नाही, कर्ज बुडवलं नाही. सायकलच चालवली. टोलनाक्यावरचा माणूससुद्धा माझ्याकडून काही मागत नाही. तो विचारतही नाही कुठं चाललात म्हणून. साऱ्या राष्ट्रीय महामार्गावर माझ्या निरुद्देशपणाला मान देणारी ती एकच जागा.

मास्तर असल्यामुळे मनाला टोचणी लागली की मी पुस्तकं काढतो. त्यात आधार भरपूर सापडला. 'स्कूल' हा शब्दच मुळी ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्याचा अर्थ फुरसत! म्हणजे ज्या शाळेत मी तीस-पस्तीस वर्षं पोरांना "रिकामा बसू नकोस" म्हणून दटावलं, ती शाळा नावाप्रमाणे रिकामं बसण्यासाठीच होती. बर्ट्रांड रसेलसारख्या माणसानं तर १९३० च्या दशकात आळसाच्या स्तुतीवर अख्खा निबंध लिहून ठेवला आहे. गीतेनं फळाची आशा सोडून कर्म करायला सांगितलं. मी फळाची आशा सोडून सायकल चालवत होतो. पुरावा इतका भक्कम झाला की पुढच्या रविवारी मी ठरवलं, आज कुणी विचारलं तर सरळ खरं सांगायचं: उगीच.

वाचकहो, तत्त्वज्ञानातला सगळ्यांत मोठा दोष हा की ते घरी बसून पक्कं होतं आणि रस्त्यावर पंक्चर होतं.

त्या दिवशी सायखेड्याच्या रस्त्याला एक शेतकरी सायकल हातात धरून चालत येताना दिसला. कॅरिअरवर फवारणीचा पंप बांधलेला, मागचं चाक बसलेलं. माझ्या पिशवीत पंक्चरचं सामान असतं: चिकटवायचं सोल्युशन, रबराचे तुकडे, घासपेपर आणि हातपंप. मी थांबलो. थांबलो म्हणजे मदत केली असं नव्हे. सामान माझं, पण हात त्याचे. त्यानं टायर उपसलं, ट्यूब ओढली, रस्त्याकडेच्या डबक्यात बुडवून बुडबुडा शोधला. मी "तिथं बघा, तिथं बघा" असं म्हणण्याचं काम केलं. शिक्षकी पेशात याला मार्गदर्शन म्हणतात.

सोल्युशन वाळेपर्यंत बोलायला वेळ होता.

"कुठी चालले होते मास्तर?"

जगदंबेचं नाव ओठांवर आलं. पण केळापूर राहिलं भलत्याच दिशेला, आणि माझा निश्चयही ताजा होता. मी म्हणालो, "कुठं नाही. उगीच."

तो हसला. हसण्यात कुचकेपणा मुळीच नव्हता, असता तर बरं झालं असतं. ट्यूबवरची पट्टी अंगठ्यानं दाबत तो म्हणाला, "बरं हाय. उगीच फिराले बी नशीब लागते. आमचं उगीच तर सपनातबी येत नाई."

एवढंच. हवा भरली, पंप माझ्या हातात दिला, राम राम केला आणि तो गेला. मी धरणावर गेलो, पण पाणी काही दिसलं नाही.

आता हे कुठं बोललो ते बघा. पुण्याच्या टेकडीवर नव्हे, यवतमाळ जिल्ह्यात. या जिल्ह्याचं नाव वर्तमानपत्रात कोणत्या बातमीसाठी येत राहिलं, ते मी सांगायला नको. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पऱ्हाटी उभी, बाया कमरेला ओटी बांधून कापूस वेचताहेत, वेचाई मिळणार किलोच्या भावानं. आणि मधून एक पेन्शनर घंटी वाजवत 'सृष्टीसौंदर्य' बघत चाललेला. ग्रीक लोकांच्या फुरसतीबद्दल मी वाचलं होतं, पण त्यांची शेतं गुलाम कसत होते, हे पान मी सोयीनं उलटलं होतं.

मग मला आणखी एक गोष्ट आठवली. २०१८ सालापर्यंतची दोन वर्षं आमच्या पांढरकवडा-राळेगाव भागात 'टी-१' वाघिणीची दहशत होती. बाहेरच्या जगात तिला 'अवनी' म्हणत. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती मारली गेली. योग्य की अयोग्य, यावर देशभर वाद झाला. त्यात मी पडत नाही. मला आठवलं ते वेगळंच. त्या दिवसांत माझा रविवारचा फेरफटका पहिल्याच बातमीला बंद झाला. सायकलीला मी घरात, जिन्याखाली बांधलं. आणि माणसं शेतात जातच होती. घोळक्यानं जात, आरडाओरडा करत जात, जीव मुठीत धरून जात, पण जात. कारण कापूस थांबत नाही. माझ्या 'उगीच'ला घरी बसता आलं, त्यांच्या कामाला आलं नाही. आपला आनंद आणि दुसऱ्याचं कष्ट यांतला फरक मला पुस्तकात सापडला नव्हता, तो तेव्हा जिन्याखाली बांधलेला होता.

झालं. मी पश्चात्ताप करायचं ठरवलं. मध्यमवर्गीय मनुष्य पश्चात्ताप करतो म्हणजे उपयुक्त होतो. यापुढे सायकल विनाकारण फिरणार नाही, अशी मी घरात घोषणा केली. आमच्या सौभाग्यवती या क्षणाची चाळीस वर्षं वाट बघत होत्या. पहिल्या रविवारी कोथिंबीर आणि दळण, दुसऱ्या रविवारी शेजाऱ्यांच्या विजेचं बिल, तिसऱ्या रविवारी मेहुणीचा शिवायला टाकलेला ब्लाऊज. पुढे पुढे तर गल्लीतल्या लोकांनी यादी शनिवारी रात्रीच आणून द्यायला सुरुवात केली. रस्त्यात कुणी "कुठी चालले?" विचारलं तर आता माझ्याकडे कारणांची गर्दी होती. पण त्या गर्दीत मला नदीकाठ दिसेना, आणि गंमत म्हणजे माणसंही दिसेनाशी झाली. ब्लाऊजवाला बाराला दुकान बंद करतो म्हटल्यावर पंक्चर झालेल्याकडे कोण बघतो?

याच सुमारास पुण्याचा मुलगा घरी आला. तो तिकडे पहाटे हेल्मेटबिल्मेट घालून सायकलवाल्यांच्या घोळक्याबरोबर सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जातो. तो म्हणाला, "बाबा, उगीच फिरू नका, मोजून फिरा." आणि त्यानं माझ्या मनगटाला एक घड्याळ बांधलं. ते ठोके मोजतं, किलोमीटर मोजतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्याबरोबर त्यानं मला विचारलं, "आजचं उद्दिष्ट?" मी कपाळाला हात लावला. शेजारी विचारत होते, बायको विचारत होती, आता मनगटसुद्धा विचारायला लागलं!

म्हटलं, निदान प्राणी तरी आपल्या बाजूचे असतील. टिपेश्वर अभयारण्य १९९७ साली झालं, जेमतेम दीडशे चौरस किलोमीटरचं. तिथल्या एका तरुण वाघाच्या गळ्यात २०१९ मध्ये रेडिओ कॉलर बांधली होती. तो निघाला तो निघालाच. तेलंगणात डोकावला, शेतं, नाले, रस्ते ओलांडले आणि डिसेंबरात बुलढाण्याकडच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. एकूण तीन हजार किलोमीटरच्या वर चालला म्हणतात. बातमी वाचून मला वाटलं, मिळाला जोडीदार! पण शास्त्रज्ञांनी सांगितलं की तो हक्काचा मुलूख, शिकार आणि वाघीण शोधत होता. म्हणजे जागा, जेवण आणि लग्न. वाघसुद्धा उगीच फिरत नाही. या विश्वात उगीच फिरणारा मी एकटाच.

मी घड्याळ काढून ठेवलं, दळणही आणेनासा झालो, आणि सायकल नुसती उभी राहिली. असे दोन-तीन महिने गेले असतील.

मग पोळा आला. पोळा म्हणजे बैलांच्या सुटीचा दिवस. आदल्या दिवशी त्यांचे खांदे हळद-लोण्यानं चोळायचे, सणाला न्हाऊ-माखू घालायचं, शिंगं रंगवायची, झूल घालायची आणि पुरणपोळी भरवायची. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही. का, म्हणून कुणी विचारत नाही. मला वाटलं, आज गावंच्या गावं रिकामी बसलेली असताना आपण एकट्यानं लाजायचं कारण नाही. सायकल काढली आणि सकाळीच धरणावर गेलो.

भिंतीवर कुणीतरी पाय सोडून बसलेलं होतं. जवळ गेलो तर तोच, फवारणी पंपवाला. खाली काठावर त्याची दोन बैलं, अंगं धुऊन झालेली, निवांत चरत होती.

आता प्रश्न विचारायची पाळी माझी होती. मी म्हणालो, "काय काम काढलंत?"

तो गोंधळला. मग बैलांकडे बोट दाखवून म्हणाला, "यायले धुवाले आणलं होतं." आणि थोड्या वेळानं, जरा ओशाळून, "तसं धुणं कवाचंच झालं. आता उगीच बसलो."

माझ्या अगदी ओळखीचं होतं ते ओशाळणं. त्याची जगदंबा म्हणजे बैल, एवढाच फरक.

मी शेजारी बसलो. त्याला सांगून टाकलं की तुमच्या त्या बोलण्यानं मी दोन-तीन महिने सायकल चालवली नाही. तो चकितच झाला. "मी का म्हनलं होतं?" त्याला काही आठवत नव्हतं. आपण ज्या वाक्यानं जळत असतो ते बोलणाऱ्याच्या लक्षातही नसतं, हा दुनियेचा नियम आहे. मी वाक्य सांगितल्यावर तो बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरोबरच म्हनलं होतं मंग. पन मास्तर, त्या दिवशी तुमाले काम असतं, तर तुमी थांबले असते काय?"

या वाक्यानं माझी सुटका झाली असं मी म्हणणार नाही. मला वर्षाचे बावन्न रविवार आहेत, आणि आता पेन्शनमुळे बाकीचे वारही. बैलाला एक पोळा आहे. आणि त्याच्या धन्याला तोही बैलाच्या निमित्तानं. हा हिशेब एका पंक्चरनं फिटत नाही, आणि तो फिटला असं ज्या दिवशी मला वाटेल त्या दिवशी सायकल विकलेली बरी. पण एक गोष्ट मला त्या भिंतीवर कळली. चूक 'उगीच'मध्ये नव्हती. 'उगीच' ही चांगली चीज आहे, इतकी चांगली की ती सगळ्यांच्या वाट्याला यायला हवी. ती माझ्याकडे भरपूर आणि त्याच्याकडे सणापुरती, ही चूक. आणि ती चूक मी जिन्याखाली सायकल बांधून दुरुस्त होत नाही. माझा आनंद कमी केल्यानं त्याच्या वाट्याला तो अर्धा शेरही वाढत नाही. फार तर गल्लीत कोथिंबीर वाढते.

तेव्हापासून मी पुन्हा रविवारी निघतो. केळापूरला जातो तेव्हा "जगदंबेला" म्हणतो, आणि साचलेले सगळे नमस्कार तिथं एकदा एकरकमी पोचते केले आहेत. इतर वेळी कुणी विचारलं तर खरं सांगतो. पंक्चरचं सामान मात्र आता दुप्पट ठेवतो, आणि ट्यूबला पट्टी लावायला शिकलो आहे. पहिल्या तीन पट्ट्या सुटल्या, पण त्या माझ्याच ट्यूबच्या होत्या.

परवाच सुन्न्याच्या रस्त्यावर एका घरासमोर दहा-बारा वर्षांची एक मुलगी उभी होती. तिनं रीतीप्रमाणे विचारलं, "कुठी चालले आबाजी?"

मी अभिमानानं म्हणालो, "उगीच!"

तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं, आत धावत गेली आणि एक डबा घेऊन आली. "मंग हा डबा वावरात बाबाले देऊन द्या न जी. तुमाले तसंबी काई काम नाई."

मी डबा हँडलला अडकवला आणि निघालो. वावर कुठलं, ते विचारायचं राहिलंच.